बांद्र्याला चालत जाताना

मोत माउलीला, म्हणजे बांद्र्याच्या डोंगरावरच्या माउंट मेरी चर्चला, आम्ही ग्रुपने चालत निघालेलो. बोरिवलीपर्यंत सगळं मस्त चाललेलं. रोझरी, म्हणजे मरियेच्या जपमाळेची प्रार्थना, चालू, पुढचे म्हणतायत मागचे उत्तर देतायत, वसईहून निघून खाडीवरचा वर्सोव्याचा पूल कधी मागे पडला कळलंच नाही. गोरेगावजवळ टाचेचा फोड फुटला. पाऊस थांबून कडक ऊन पडलेलं, मागून कोणीतरी एकाच सुरात नमो मरिया म्हणत होतं आणि मला त्या आवाजाचा एवढा राग आला की मी माळ खिशात टाकून फुटपाथवर बसले.

शेजारी एक मावशी गजरे करत बसलेल्या. त्यांनी बाटली पुढे केली, माझा पाय सरळ मांडीवर घेतला, फुलांवरचं ओलं फडकं फाडून टाचेला गच्च बांधलं. फुलांचा वास आणि पायाला घामाचा, मला फार लाज वाटली, त्यांना काहीच नाही. "मोत माउलीला ना? नातू अजून उभा राहत नाही गं, त्याच्या नावाने नवसाचे मेणाचे पाय वाहशील?" कमरेच्या पिशवीतून पैसे काढून माझ्या मुठीत कोंबले, घेतल्याशिवाय उठूच देईनात. मग उठले, माळ परत काढली.

डोंगरावर गर्दी, ढकलाढकली, मेणाचे पाय वाहिले आणि बाहेर.

खाली सेंट अँड्र्यूज चर्चला मात्र कोणी ढकललं नाही. आमच्यातले बरेच जण तिथं थांबत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. 1575 चं जेझुइट धर्मगुरूंनी समुद्राकाठी बांधलेलं हे चर्च, 1739 ला मराठ्यांची स्वारी झाली त्या धामधुमीत डोंगरावरचं चर्च गेलं, हे टिकलं. वरचं 1760 च्या सुमारास परत उभं राहिलं, पण मधली वीसेक वर्षं लोक इथेच यायचे, इथल्याच मूर्तीपुढे गुडघे टेकायचे. आणि आज वर जे बघतो ती इमारत तर 1904 ची आहे.

आवारात एकाच दगडाचा सुमारे 17 फुटी क्रूस आहे, अंगभर प्रभू येशूच्या दुःखसहनाची चिन्हं कोरलेली. तो जिथून आणला ती सेंट अ‍ॅनची सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, कधीच पडली. कोरीवकाम पावसाने झिजलंय, जवळ जाऊन बोट फिरवलं की खाच लागते. दुखरा पाय जोत्याला टेकवून मी एकटीने रोझरीची राहिलेली रहस्यं, म्हणजे तिचे उरलेले भाग, पूर्ण केली, तोवर ग्रुपवाले स्टेशनला चला म्हणून फोन करत होते, मी उचलला नाही.