तुम्ही विचारलंत म्हणून: बिऱ्हाड पुन्हा का हलवलं

"गिटहबवर काय वाईट होतं?"

हा प्रश्न किती जणांनी विचारला, ते मोजणं मी सोडून दिलंय. मेलवर विचारतात, मीटअपला चहाच्या रांगेत विचारतात. ऑफिसातला एक जण लिफ्टमध्ये विचारतो आणि माझं उत्तर सुरू होईपर्यंत त्याचा मजला येतो. २०२३मध्ये मी आमचा कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टांमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणणारा प्रोग्राम) गिटहबवरून कोडबर्गवर नेला; दोन्ही म्हणजे प्रोग्रामांचा कोड ठेवायची आणि त्यावर मिळून काम करायची संकेतस्थळं. तेव्हापासून मी जणू चांगला चाललेला संसार मोडून आश्रमात जाऊन राहिलेय, अशा नजरेने लोक बघतात.

तर, गिटहबवर काही वाईट नव्हतं. माझी त्यांच्याबद्दल वैयक्तिक तक्रार शून्य आहे. हे उत्तर कुणालाच पुरत नाही, म्हणून सुरुवातीला मी भारदस्त कारणं द्यायचे. मायक्रोसॉफ्टने २०१८च्या जूनमध्ये साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब घेत असल्याचं जाहीर केलं. २०२१मध्ये कोपायलट, गिटहबचा कोड सुचवणारा एआय सहायक, आला आणि आपल्या सगळ्यांच्या उघड्या कोडवर तो शिकलाय हे कळलं. २०२२मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या संस्थेने तर 'गिटहब सोडा' असं सरळ आवाहनच केलं. सगळं खरं आहे. पण मी २०१८मध्ये तिथेच होते, २०२१मध्येही होते, आणि ते आवाहन वाचून मान डोलावून पुढची पुल रिक्वेस्ट, म्हणजे कुणीतरी सुचवलेला बदल, मर्ज करून कोडात घेतली होती. तत्त्वासाठी घर सोडणारी माणसं वेगळी असतात. मी त्यातली नाही, आणि तसं भासवलं याची आता थोडी लाज वाटते.

खरं कारण २०१५मधलं आहे.

ते वर्ष ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. मार्चमध्ये गूगल कोड हे असंच कोड ठेवायचं घर बंद होणार असं जाहीर झालं. ऑगस्टपासून तिथे फक्त वाचता येणार होतं आणि २०१६च्या जानेवारीत कुलूप. गिटोरियस हे तसलंच दुसरं घर गिटलॅब या तिसऱ्याने घेतलं आणि काही महिन्यांत बंद केलं. सोर्सफोर्ज या आणखी एका घरी गिंप या चित्रांच्या प्रोग्रामच्या विंडोज इन्स्टॉलरसोबत जाहिरातबाजीचं सामान चिकटवल्यावरून गदारोळ झाला, तोही त्याच वर्षी. जो तो पेटारा उचलून गिटहबकडे निघाला होता. आमचंही पहिलं घर तेव्हा सुटलं. ते कुठलं, हे मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात घरमालकाचा दोष नाही. त्यांनी नोटीस दिली होती, मुदत दिली होती. मी ती मुदत ऑफिसच्या रिलीजच्या मागे सरकवत सरकवत शेवटच्या शनिवारी रात्री अकराला कामाला बसले.

कोड हलवणं सोपं असतं. आमचं सगळं सबव्हर्जनमध्ये होतं, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या एका जुन्या प्रणालीत; गिटहबला लागतं गिट, तेच काम करणारी नवी प्रणाली. गिट-एसव्हीएन या साधनाने इतिहास ओढून घेतला. सबव्हर्जनमध्ये कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करणाऱ्याचं नुसतं युजरनेम असतं आणि गिटला नाव आणि ईमेल लागतो, म्हणून एक यादी करून द्यावी लागते: हे टोपणनाव म्हणजे हा माणूस. दोघांचे ईमेल सापडेनात, तिथे मी माझाच टाकला. 'नंतर बदलू.' गिटमध्ये तो नंतर बदलायचा म्हणजे त्यापुढच्या एकूण एक कमिटचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, बदलतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

मग इश्यू, म्हणजे वापरणाऱ्यांनी लिहिलेल्या तक्रारी-सूचना आणि त्यांवरची चर्चा. ते गिटमध्ये नसतातच. 'गिट विकेंद्रित आहे, प्रत्येक क्लोनमध्ये सगळं असतं' हे वाक्य मी तोवर किमान तीन भाषणांत टाळ्या घेत म्हटलं होतं. क्लोन म्हणजे अख्खी प्रत, आणि सगळं म्हणजे कोड. कोड असा का लिहिला, कोण कुणाशी भांडलं, कुणी कशाची आठवण करून दिली, हे सगळं वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये. ते आणायला मी एक स्क्रिप्ट लिहिली. रात्री दोनला ती विनंत्यांच्या मर्यादेवर अडकायला लागली, म्हणून मी तिच्यात एक अट घातली: फक्त उघडे इश्यू आण. बंद झालेले म्हणजे मिटलेले. मिटलेल्याचं ओझं कशाला?

पहाटे रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या पहिल्या पानावर, लिहिलं, 'आता हे कायमचं घर.' ते वाक्य अजून इतिहासात आहे, कुणीही जाऊन पाहू शकतं.

बंद इश्यूंमध्ये काका होते. नाव सांगणार नाही. सांगलीकडचे एक निवृत्त जुळारी. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात हयात गेली, मग छापखान्यात डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं तेव्हा पन्नाशीत कीबोर्ड शिकले, आणि निवृत्तीनंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून आमचा कन्व्हर्टर वापरायला घेतला. त्यांनी आयुष्यात एक ओळ कोड लिहिला नाही. पण सहा वर्षांत दीडशेच्या वर इश्यू लिहिले, आणि त्यातला एकही 'चालत नाही, लवकर दुरुस्त करा' अशा थाटाचा नव्हता. 'मार्मिक'मध्ये वेलांटी आणि रफार एकाच म-वर आले की जुन्या फॉन्टात ते कुठल्या क्रमाने टाइप केलेले असतात. 'पार्श्वभूमी'तला रफार दिसतो व-वर, पण युनिकोडमध्ये तो अख्ख्या जोडाक्षराच्या आधी न्यावा लागतो, एक अक्षर मागे नेऊन भागत नाही. हे मला त्यांनी शिकवलं. मी ते कोडमध्ये उतरवायचे, इश्यू बंद करायचे, आणि कमिट माझ्या नावावर पडायचं. तेव्हा यात काही वावगं आहे असं डोक्यातही आलं नाही.

इश्यू ८७ होता 'दर्या आणि दऱ्या'. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं, यात पंक्तीचा फरक पडतो. आमच्या कन्व्हर्टरमध्ये काही फॉन्टांसाठी हा दुसरा, आडवा र, 'र् अधिक झीरो विड्थ जॉइनर' असा तयार व्हायचा. हा जॉइनर म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह. अगदी शेवटच्या पायरीत आम्ही अशी सगळी अदृश्य चिन्हं झाडून टाकायचो, कारण ती शोधताना आडवी येतात. झाडली की दऱ्यांचा दर्या. म्हणून काकांच्या सांगण्यावरून झाडण्याच्या आधी एक ओळ घातली होती, जी त्या जोडीचं सरळ 'ऱ्' करायची. ओळीवर माझी टिपण होती: 'काढू नये. कारण: #८७'.

नव्या घरात आकडे एकपासून सुरू झाले. काही महिन्यांनी नवा ८७ आला. कुणीतरी रीडमीतलं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं.

२०१६मध्ये एका विद्यार्थ्याने पुल रिक्वेस्ट पाठवली, 'निरुपयोगी ओळी काढल्या'. नीटनेटकं काम होतं. त्याने टिपण वाचली होती, ८७ उघडून पाहिला होता आणि प्रामाणिकपणे लिहिलं होतं की या ओळीचा त्या इश्यूशी काही संबंध दिसत नाही. मी लोकलमध्ये उभी होते. टेस्ट पास झाल्याची हिरवी खूण पाहिली, मर्ज केलं. त्या ओळीसाठी टेस्ट का नव्हती, असं विचाराल. नव्हती. उलट 'छान!' असं लिहिलं मी त्याखाली.

दोन वर्षं आमचा कन्व्हर्टर त्या फॉन्टांतल्या प्रत्येक दरीत समुद्र ओतत होता. दुसऱ्याचं दुसर्‍या नव्हे, दुसर्या. बिऱ्हाडाचं बिर्हाड. एका मंडळाने आपले जुने दिवाळी अंक त्यातून काढून नेटवर चढवले. २०१८च्या दिवाळीनंतर काकांचा फोन आला. त्यांनी त्यात सह्याद्रीवरचा एक लेख वाचला होता.

"ताई, सह्याद्रीत दर्या कुठनं आला?"

मी हसले. मग ओळ शोधली, मग पुल रिक्वेस्ट, मग ८७, आणि मग हसू गेलं. चूक मी तासाभरात दुरुस्त केली. ते सोपं होतं. पण काका पुढे म्हणाले, "माझं लिहिलेलं तिथं सापडंना. नातीला दावायचं होतं. इंजिनिअरिंगला गेलीय ती, म्हटलं बघ, तुझ्या आज्ज्यानं पण काम केलंय यात."

मी सांगितलं. सगळं, अट घातल्याचंसुद्धा. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "असू दे. आमच्यात पण खिळे झिजले की वितळवायचे." हे समजूत घालण्यासाठी होतं हे कळत होतं, आणि खिळे वितळवायच्या आधी पान छापून झालेलं असतं हेही दोघांना कळत होतं.

मी शोधलं नाही असं नाही. इश्यूंच्या सूचनांचे मेल मी फिल्टर लावून खोडत आले होते. सॉफ्टवेअर हेरिटेजवर, म्हणजे फ्रान्सच्या इन्रियाने २०१६मध्ये सुरू केलेल्या त्या प्रचंड संग्रहात, आमचा कोड मिळाला, कमिटच्या इतिहासासकट. इश्यू ते साठवत नाहीत.

तर २०२३. कोणी नोटीस दिली नव्हती, कुठलंही छप्पर गळत नव्हतं. नेमकं म्हणूनच निघाले. जुनं दार उघडं असताना, दोन्हीकडे जा-ये करता येत असताना एकदा हलवून बघायचं होतं, काय सुटतं ते. पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहिलेल्या माणसाला ही खोड लागते, डबे धुऊन ठेवायची. कोडबर्ग ज्या फोर्जेजो या सॉफ्टवेअरवर चालतं त्याच्या आयातीत इश्यू, पुल रिक्वेस्ट, लेबलं, चर्चा येतात, आकडे तेच राहतात आणि मूळ लिहिणाऱ्याचं नावही दिसतं. या वेळी बंद इश्यूंसकट आणलं. स्पेलिंगवाला ८७ अजून ८७च आहे.

आता तुमचे आक्षेप. गिटहबवर लोकांनी पसंतीचे दिलेले तारे गेले. खरं आहे. विद्यार्थी गिटहबवर शोधतात, कारण मुलाखत घेणारे तिथले, किती काम केलं ते दाखवणारे हिरवे चौकोन बघतात. तेही खरं. हलवल्यापासून नवीन माणसं कमी येतात, आणि मराठीसाठी असं काम करायला मुळात माणसं किती? त्यातली दोन-चार मी माझ्या हौसेपायी दारातून परत पाठवली असतील तर ते पाप माझंच. गिटहबवर आरसा ठेवलाय, म्हणजे इथे केलेला बदल तिथे आपोआप जातो. तरी तिथे पुल रिक्वेस्ट येतात आणि मी प्रत्येकाला 'इकडे या' असं लिहीत बसते. काही येतात. बाकीच्यांचा पत्ता लागत नाही.

आणि सगळ्यात बोचणारा आक्षेप, जो लिफ्टवाल्याने एकदा मजला चुकवून पूर्ण केला: कोडबर्ग ही बर्लिनची एक नोंदणीकृत संस्था, देणग्यांवर चालणारी. मायक्रोसॉफ्टच्या आधी तीच बंद पडली तर? पडू शकते. याला माझ्याकडे उत्तर नाही. ग्नोम आणि डेबियन हे मोठे मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प २०१८मध्ये गिटलॅबवर गेले, पण स्वतःच्या सर्व्हरवर. केडीईसुद्धा २०२०मध्ये तसंच. त्यांच्याकडे तेवढी माणसं आहेत. माझ्याकडे रविवार आहे. बिटबकेट या आणखी एका घराने २०२०मध्ये मर्क्युरियलच्या (गिटसारख्याच एका प्रणालीच्या) सगळ्या रिपॉझिटरी, म्हणजे कोडसंग्रह, काढून टाकल्या, तेव्हा ते मोठ्या कंपनीचंच होतं, एवढं एक मी लिफ्टवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे कुठेही राहा, तेच." मग मी हलवलं कशाला? काही दिवस मलाही तसंच वाटतं.

२०१५ची ती मी समोर आली तर तिला रागावेन असं मला पूर्वी वाटायचं. पण रात्री दोनला, सोमवारी रिलीज असताना, दमलेल्या माणसाला 'बंद म्हणजे मिटलं' हेच सुचणार. तिला फक्त एवढंच सांगता आलं असतं की कारण टिपणीत लिही, आकडा लिहू नकोस. आता आम्ही तसं करतो. प्रत्येक विचित्र ओळीचं कारण कोडच्या शेजारी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतं, मराठीत. क्लोन केलं की ती सोबत येते, मग घर कुठलंही असो. हे मी हलवताना शिकले की न हलवताही शिकता आलं असतं, सांगता येत नाही.

काका आधी वहीत लिहून मग टाइप करायचे, हे मला त्या फोननंतर कळलं. २०१९मध्ये एसटी पार्सलने त्यांच्या वह्या आल्या, प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर आकडा घालून. रविवारी जमेल तसं मी त्यातलं फाइलींमध्ये उतरवते. त्या कमिटवर लेखक म्हणून त्यांचं नाव असतं आणि कमिट करणारी म्हणून माझं. गिटला हा फरक पहिल्यापासून कळतो.

परवा तिसऱ्या वहीत एका पानावर 'बिऱ्हाड' सापडलं. खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, 'ह-ला वेगळं आहे. का ते वही ४ पाहा.'

पार्सलात एक, दोन, तीन आणि पाच आहेत. काकांना फोन केला. म्हणाले, "कुणाला तरी दिली असंल मी. बघतो."