हात वर करण्याआधी

रात्रीचे साडेदहा. बुद्धिबळ स्पर्धेची चौथी फेरी संपली. 4 पैकी दीड गुण.

मी खरं तर रोजनिशी लिहिणाऱ्यातला नाही. माझा छंद आवाज गोळा करण्याचा. लिफ्टचं दार, पावसात पत्रा, वॉशिंग मशीनचा शेवटचा हिसका, असलं काहीबाही फोनवर रेकॉर्ड करतो आणि एका अकाउंटवर टाकतो. ऐकणारे जेमतेम चाळीसजण, त्यातले दोन आई आणि बाबा. पण जागतिक युवा स्पर्धेच्या हॉलमध्ये फोन नेता येत नाही. खिशात सापडला तर डाव गेला, मग तो बंद असला तरी. त्यामुळे इथला सगळ्यात भारी आवाज मला पकडता येत नाहीये. निदान लिहून ठेवतो.

फेरी सुरू व्हायच्या आधी हॉलमध्ये नुसता कलकलाट असतो. खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, कोणाचं नाक, कोणाची जपमाळ. मग मुख्य आर्बिटर, म्हणजे पंच, माइकवर घड्याळं सुरू करा म्हणतात, आणि शेकडो काळेवाले एकाच वेळी घड्याळाचं बटण दाबतात. टप असा एक आवाज नसतो तो. मूठभर ज्वारी परातीत ओतल्यासारखा पसरत जातो आणि थांबतो. त्यानंतर जी शांतता होते तिच्यात फक्त पेनं ऐकू येतात. शेकडो पोरं पहिली खेळी लिहीत असतात.

हे पेन माझा शत्रू आहे. मी बुद्धिबळ पडद्यावर शिकलो, 2020 मध्ये, सगळे घरात अडकले होते तेव्हा. लाकडी पट नंतर आला. पडद्यावर पट वरून दिसतो, सपाट. इथं खुर्चीत बसलं की समोरचा वजीर उंटाला झाकतो. पहिल्या फेरीत मला एक लांबचा उंट दिसलाच नाही, खरंच दिसला नाही, म्हणून मी आता दर दहा-बारा खेळ्यांनी उभा राहून पट वरून बघतो. सरांना वाटतं पाय मोकळे करतोय. आणि पडद्यावर खेळी आपोआप नोंदली जाते, घड्याळ आपोआप दाबलं जातं. दुसऱ्या फेरीत मी खेळी केली, लिहिली, आणि हाताची घडी घालून बसलो. समोरचाही बसला. कितीतरी वेळानं माझं लक्ष गेलं की माझीच मिनिटं पळतायत, बटण मी दाबलंच नव्हतं. सात गेली होती. समोरच्यानं सांगायलाच हवं असा नियम नाही, आणि त्यानं सांगितलंही नाही. मी तरी कुठं सांगितलं असतं!

आता आजचं.

समोर स्पॅनिश बोलणारा मुलगा होता, सर्दीनं बेजार. मी काळा. इथं 40 खेळ्यांना 90 मिनिटं, नंतर उरलेल्या डावाला 30, आणि पहिल्या खेळीपासून दर खेळीला 30 सेकंद जादा. चार तास होत आले तेव्हा आमच्याकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली होती, त्याचं एक जास्त. तो जिंकायच्या बेतात होता, पण त्याचं घड्याळ रडत होतं. मी मागून हत्तीनं शह द्यायचो, तो राजा बाजूला सरकवायचा. परत शह, परत राजा जुन्या जागी. मला कळत होतं की तो दर वेळी 30 सेकंद गोळा करतोय. पण मी खुशीत होतो. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी!

तिसरा शह दिला. बटण दाबलं. आणि माझ्या कानात तो आवाज वाजला. मी जिथं सगळ्यात जास्त खेळतो त्या साइटवर तिसऱ्यांदा तीच स्थिती आली की डाव आपोआप सुटतो, छोटासा टुणुक आवाज होतो आणि चौकट येते. इथं काही वाजलं नाही. समोरचा नाक पुसत पटाकडे बघत होता. मग मी घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

आर्बिटर बाई आल्या. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी माझं स्कोअरशीट, म्हणजे खेळ्या लिहायचा कागद, बघितलं, घड्याळ बघितलं, आणि फार हळू, जणू मला लागेल अशा आवाजात सांगितलं की आता खेळी त्याची आहे, मागणी मला करता येणार नाही. नियम मला पाठ होता, हीच तर खरी बोच आहे. जी खेळी केल्यावर स्थिती तिसऱ्यांदा येणार ती आधी कागदावर लिहायची, सोंगटीला हात लावायचा नाही, घड्याळ थांबवायचं, आर्बिटरला बोलवायचं. एकदा खेळी केली आणि घड्याळ दाबलं की हक्क समोरच्याकडे जातो. त्याला बरोबरी नको असेल तर तो कशाला मागेल?

त्यानं नाही मागितली. गोळा केलेला वेळ त्यानं आता खर्च केला. राजा बाजूला न्यायच्या ऐवजी वर नेला, प्याद्याच्या सोबतीला. पुढच्या अठरा खेळ्या मी का खेळलो माहीत नाही. एकाहत्तराव्या खेळीला हार मानून हात पुढे केला. दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवले आणि सह्या केल्या.

अठरा वर्षांच्या आतल्यांचा के-फॅक्टर, म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, 40 असतो, 2300 च्या वर जाईपर्यंत. म्हणजे आपल्याएवढ्याच रेटिंगवाल्याशी हरलं की सरळ 20 पॉइंट जातात. जिंकलं की 20 मिळतात हेही खरं, पण आज ते आठवायची इच्छा नाही.

हॉलच्या बाहेर तो मुलगा थांबला होता. मला वाटलं चिडवणार. त्यानं टेबलावर पट मांडला आणि बोटानं विचारलं, बघायचं? आम्ही बसलो. माझं अक्षर मलाच लागेना म्हणून त्याचं स्कोअरशीट घेतलं, तर त्यात सगळीकडे भलतंच. मी आर लिहितो ते हत्तीसाठी, इंग्रजी रूक. त्याचा आर म्हणजे राजा, स्पॅनिशमध्ये रेय. हत्ती त्याच्याकडे टी, तोर्रे. त्याच्या कागदावरून डाव पुन्हा लावताना मी दोनदा त्याच्या राजाला हत्तीच्या चालीनं पटभर पळवला. तो एवढा हसला की खोकला लागला. मग त्यानं दाखवलं की त्रेपन्नाव्या खेळीपाशी राजा वर न्यायचं त्याच्या आधीच मनात होतं, फक्त घड्याळ भरायचं होतं. म्हणजे मी ज्याला वाचण्याची शिडी समजत होतो ती तो विश्रांतीला वापरत होता.

जेवताना सर काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं फार मोठ्यानं ऐकू येतं. शेवटी उठताना म्हणाले, "फिशर आणि पेट्रोस्यानचा तिसरा डाव बघ. 1971, ब्युनोस आयर्स. डाव नको बघू, चौतिसावी खेळी बघ."

खोलीत येऊन बघितला. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी मॅच होती ती. त्या डावात फिशर पांढरा आणि अडचणीत. पटावर तीच स्थिती पुन्हा पुन्हा येते, पण लागोपाठ नाही, अधूनमधून. चौतिसावी खेळी त्यानं पटावर केलीच नाही. स्कोअरशीटवर लिहिली आणि आर्बिटरना दाखवली. डाव बरोबरीत. पुढे त्यानं ती अख्खी मॅच जिंकली. त्या डावात नेमकं कोणी कोणाला चकवलं यावर मी तासभर व्हिडिओ बघत बसलो, जे नऊनंतर सक्त मना आहे. सर, हे वाचत असाल तर तुम्हीच सांगितलं होतंत.

मग खरं सांगतो, दोन मिनिटं बुलेट खेळलो. एक-एक मिनिटाचे दोन डाव. दुसऱ्यात समोरच्यानं खेळायच्या आधीच मी माझी पुढची खेळी, म्हणजे प्रीमूव्ह, लावून ठेवली आणि वजीर फुकट गेला. नेहमी अशा वेळी मी लगेच पुढचा डाव सुरू करतो, बोट आपोआप तिथं जातं. आज बोट गेलं आणि मला तो सर्दीवाला नाक पुसत पटाकडे बघताना दिसला. बराच वेळ तो हललाही नव्हता. फोन उशीखाली टाकला.

उद्याचं पेअरिंग लागलंय. मी पांढरा, समोरचाही दीडवर. स्विस पद्धतीत हे बरं असतं, हरलेल्याला हरलेलाच भेटतो. डेटाबेसमध्ये त्याचे अकरा डाव सापडले. नऊमध्ये सिसिलियन बचाव. सकाळी सरांबरोबर बसायचं.

खिडकी उघडी आहे, लांबून समुद्र येतोय. झोप येईना म्हणून पुन्हा फोन काढला, पण फक्त रेकॉर्डर लावला आणि खिडकीत ठेवला. बाजूच्या पलंगावर आमचा चौदा वर्षांखालच्या गटातला गडी झोपलाय. चाळीस सेकंद नुसत्या लाटा होत्या. मग तो कूस वळवून, झोपेतच, अगदी स्पष्ट म्हणाला, "ड्रॉ?"

मी म्हटलं, "नाही." दोन्ही आवाज आलेत.