हरणांसाठी मका, तोही हरणांपासून राखून: माझा अनुभव

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या मध्य भागातल्या रेताड पट्ट्यात मी अर्धा एकर, म्हणजे २० गुंठे मका फक्त पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी करतो. कणसं काढायची नाहीत, ताटं हिवाळाभर उभीच ठेवायची. गुडघाभर बर्फातही कणीस वर राहतं आणि दाण्यात पिष्ट भरपूर असतं, म्हणून मका. प्रथिनं मात्र जेमतेम आठ-नऊ टक्के, त्यामुळे शिंगं वाढवण्यासाठी कोणी मका लावत असेल तर त्यानं सोयाबीन किंवा क्लोव्हर (चाऱ्याचं द्विदल पीक) लावावं.

गावाकडे रानडुकरं मका लोळवतात म्हणून लोक रात्रभर मचाणावर जागतात. त्यांना हे सांगितलं तर डोकं फिरलंय म्हणतील. पण इथेही खरी मेहनत राखणीचीच. पाच एकरांच्या शेतात हरणं कडेकडेनं खातात आणि मधलं पीक वाचतं. २० गुंठ्यांत सगळी कडच असते. कुंपण नसेल तर कोवळे पोंगे आणि पुढे कणसांचे केस खाऊनच हरणं रान मोकळं करतात, हिवाळ्यासाठी दाणा उरत नाही.

तुकडा शक्यतो चौरस घ्यावा, साधारण १४७ फूट बाय १४७ फूट. जंगलाच्या कडेनं लांबट पट्टा सोयीचा वाटतो, पण मक्याचं परागीभवन वाऱ्यावर होतं. दोन-तीनच ओळी असल्या तर पराग बाहेर उडून जातो आणि कणसं दातपडकी निघतात. शिवाय झाडांची सावली आणि मुळं पहिल्या १५-२० फुटांतलं पीक खुरटवतात, तेवढं अंतर सोडावंच.

माती तपासायची ती आदल्या शरद ऋतूत. सामू ६ ते ६.८ हवा. चुना मुरायला महिने लागतात, मे महिन्यात टाकलेला त्या पिकाला फारसा लागू पडत नाही. गवताळ पडीक रान असेल तर गवत हिरवं असताना ग्लायफोसेट हे तणनाशक मारून दोन आठवड्यांनी डिस्क (तव्यांचा कुळव) फिरवावी, नाहीतर गवताचे गड्डे पुन्हा उभे राहतात.

बियाणं ८५ ते ९० दिवसांचं घेतो. इथे त्याहून उशिराच्या वाणाला सप्टेंबरची गोठवणारी थंडी जाळू शकते. उत्पादनापेक्षा ताट किती काळ उभं राहतं ते बघावं, कारण आडव्या पडलेल्या ताटाचं कणीस बर्फाखाली कुजतं. पिशवीत ८०,००० दाणे येतात आणि आपल्याला लागतात १३,०००, म्हणून शेजारच्या शेतकऱ्याची उरलेली पिशवी स्वस्तात मिळाली तर उत्तम. मागच्या वर्षीचं बी असेल तर १०० दाणे ओल्या कागदी टॉवेलमध्ये गुंडाळून आठवडाभर घरात ठेवावेत. ८० उगवले तर पेरणीचं प्रमाण त्या हिशेबानं वाढवायचं.

पेरणी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. तारखेपेक्षा थर्मामीटर बघावा. सकाळी दोन इंच खोलीवर ५० अंश फॅरनहाइट आणि पुढचे काही दिवस थंडी नाही, असा योग हवा. थंड ओल्या मातीत दाणा फुगतो पण कोंब येईपर्यंत सडतो. वापसा आल्यावरच यंत्र घालावं. दोन ओळींचं जुनं प्लँटर असलं तर काम तासाभराचं, नाहीतर चाकाचं ढकलपेरणी यंत्र. फोकून पेरला तरी मका उगवतो, पण कुठे दाटी, कुठे टक्कल. खोली दीड ते दोन इंच, ओळींत ३० इंच, दोन रोपांत ८ इंच. म्हणजे एकरी सुमारे २६,००० रोपं. व्यापारी शेतकरी ३२,०००च्या वर जातात, पण त्यांच्याकडे खत आणि पाणी तसं असतं. रेताड जमिनीत दाटी केली की काठ्या मिळतात, कणसं नाहीत. उगवण मोजायची सोपी रीत अशी: ३० इंची ओळीत १७ फूट ५ इंच टेप धरा. तेवढ्यात जितकी रोपं, तितके हजार एकरी. १८च्या खाली आकडा आला तर नांगे (रिकाम्या जागा) भरावेत, तेही आठवडाभरात. उशिरा लावलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत वांझ राहतं.

इथली खास डोकेदुखी सँडहिल क्रौंच पक्ष्यांची. कोंब दिसला की ओळीनं चालत येतात आणि चोचीनं उकरून खालचा दाणा काढून घेतात, रोप तिथेच आडवं पडलेलं दिसतं. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि कुंपण त्यांना अडवत नाही. उपाय म्हणजे बियाण्याला अँथ्राक्विनोन या पक्षी दूर ठेवणाऱ्या रसायनाची प्रक्रिया. चव नकोशी वाटते, पक्षी रानातच राहतात पण किडे-अळ्यांकडे वळतात.

आता कुंपण. आठ फुटी जाळी परवडत नाही, म्हणून दुहेरी विजेचं. बाहेरच्या रांगेत १८ इंचांवर एकच पांढरी पॉलिटेप, म्हणजे धातूच्या बारीक तारा विणलेली प्लास्टिकची पट्टी. तिच्यापासून तीन फूट आत दुसरी रांग, तिला १० आणि २४ इंचांवर दोन पट्ट्या. एवढ्याशा उंचीवरून हरीण सहज उडी मारेल, पण त्याला अंतराचा अंदाज नीट येत नाही. एकामागे एक दोन अडथळे दिसले की ते थबकतं. अर्ध्या एकराला, मक्याच्या बाहेरून चालायची जागा धरून, सुमारे २,००० फूट पट्टी लागते. सौर एनर्जायझर, म्हणजे पट्टीत विजेचे झटके सोडणारं यंत्र, चालतो. अर्थिंगमध्ये कंजुषी नको: सहा फुटी तीन सळया, दहा-दहा फुटांवर. कोरड्या वाळूत अर्थिंग बसत नाही, मग यंत्र टिकटिक करतं आणि हरणाला काहीच जाणवत नाही. मीटरवर ४,००० व्होल्टच्या खाली आलं की आधी पट्टीला टेकलेलं गवत शोधा.

कुंपण कोंब दिसायच्या आधीच उभं राहायला हवं. एकदा चव लागलेलं हरीण झटका सोसून आत घुसतं. शिवाय अंगावरचे केस झटका बराच अडवतात, म्हणून तो नाकाला किंवा जिभेला बसला पाहिजे. त्यासाठी अॅल्युमिनियम फॉइलच्या चार इंची पट्टीत पीनट बटर लावून ती बाहेरच्या टेपवर दर २०-२५ फुटांवर घडी घालून चिकटवायची. हरीण वासानं येतं, चाटतं आणि शिकतं. पावसानंतर बटर पुन्हा लावायचं.

नत्र अर्ध्या एकराला ६० पौंड धरतो. पेरताना १९-१९-१९ (नत्र-स्फुरद-पालाश) खताची १०० पौंड मात्रा, बियांपासून दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली. बाकीचा ९० पौंड युरिया दोन हप्त्यांत: पहिला गुडघाभर मक्याला, दुसरा तीन आठवड्यांनी. वाळूतून नत्र झिरपून जातं, म्हणून एकदम टाकत नाही. युरिया वर टाकून ऊन पडलं तर अमोनिया होऊन उडतो. अर्धा इंच पावसाचा अंदाज बघून टाकावा.

तणाला पहिले सहा आठवडे संधी द्यायची नाही. ग्लायफोसेट सहन करणारं वाण असेल तर मका चार-पाच पानांवर आणि तण चार इंचांच्या आत असताना फवारणी. ३० इंचांपुढे मक्यावरून फवारायचं नाही. अॅट्राझिन हे दुसरं तणनाशक परवान्याशिवाय मिळत नाही, विस्कॉन्सिनच्या काही भागांत त्यावर बंदीही आहे, आणि त्याचा अंश उरला तर मागून क्लोव्हर नीट येत नाही. मी त्याच्या वाटेला जात नाही.

दाणा दुधात आला की रॅकून (मांजराहून थोडा मोठा, रात्री फिरणारा प्राणी) हजर. दोन घास खाऊन ताट मोडतात आणि पुढच्याकडे जातात. आतल्या रांगेत तेवढ्यापुरती पाच-सहा इंचांवर आणखी एक पट्टी ओढली की बहुतेक थांबतात.

दाण्याच्या टोकाशी काळा थर दिसला म्हणजे पीक पक्कं झालं, पण वीज नोव्हेंबरपर्यंत चालूच ठेवतो. बंदुकीनं हरणांच्या शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो, त्याच्या आठवडाभर आधी जंगलाकडची बाजू उघडतो, मग बाकीच्या. पट्टी नुसती खाली टाकायची नाही, पूर्ण गुंडाळून न्यायची, नाहीतर नराच्या शिंगांत अडकते. जानेवारीपर्यंत थांबणं धोक्याचं. डहाळ्यांवर जगणाऱ्या उपाशी हरणाला अचानक मका मिळाला की पोटात आम्ल वाढून ते मरू शकतं. नोव्हेंबरमध्ये दुसरं खाणं असताना सवय हळूहळू लागते.

राज्यात २००२ साली हरणांचा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा संसर्गजन्य, जीवघेणा रोग सापडला. तेव्हापासून बऱ्याच काउंट्यांत (जिल्ह्यांत) दाणे टाकून हरणांना चारायला बंदी आहे. तिथेच पेरलेलं उभं पीक त्यात मोडत नाही, पण बाहेरून आणलेली बादलीभर कणसं मोडतात. बदक-हंसांची शिकार करणाऱ्यांनी न काढलेला मका कापून पाडू नये. पाडलेल्या मक्यावर त्यांची शिकार संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे.

एप्रिलमध्ये उरलेली ताटं रोटरी कटरनं बारीक करून त्या तुकड्यात सोयाबीन घेतो आणि मका शेजारच्या तुकड्यात नेतो. उरलेलं बियाणं रंगीत औषध लावलेलं असतं, ते पक्ष्यांना किंवा कोंबड्यांना घालायचं नाही. पिशवीचं तोंड घट्ट बांधून कोरड्या, थंड जागी ठेवलं की पुढच्या मेमध्ये चाचणी करून वापरता येतं.