पाण्याची बाटली भरलेलीच घरी येते तेव्हा

शाळेत मुलाला कोणी छळतंय का हे पाहायचं म्हणून आईबाबा अंगावर वळ शोधतात. वळ क्वचितच असतात. त्याआधी दिसते ती भरलेली पाण्याची बाटली. मधल्या सुट्टीत मोठ्यांची नजर पोचत नाही अशी शाळेतली हमखास जागा म्हणजे टॉयलेट. तिथे अडवतात, बाहेरून कडी लावतात, पँट ओढतात. मग मूल तिथे जायचंच टाळतं, आणि जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. सकाळी साडेसहाला व्हॅनमध्ये बसलेलं मूल दुपारी दीडला घरात शिरतं ते थेट बाथरूमकडे धावतं. असं महिनोन्‌महिने चाललं की लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, डोकेदुखी मागे लागते. औषधाने चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच, कारण दुखण्याचं मूळ शाळेत बसलेलं असतं.

दुसरी खूण रविवारी संध्याकाळची पोटदुखी. ती नाटक नसते. भीतीने आतड्यांची हालचाल खरोखर बदलते, पोटात खरोखर कळ येते. दोन-तीन आठवडे कॅलेंडरवर दुखण्याचे दिवस खुणेने मांडा. पीटीचा तास, क्लासचा दिवस, व्हॅनमध्ये ठरावीक मुलगा असण्याचे दिवस त्यांच्याशी जुळतात का बघा. डबा रोज चकाचक रिकामा येतो आणि तरी मूल घरी आल्यावर अधाशासारखं खातं, तर तो डबा दुसऱ्याच्या पोटात जात असू शकतो.

मुलांची भांडणं होणारच, हे खरं. पण भांडण आणि छळ यांत फरक आहे. स्वीडनमध्ये जन्मलेले, नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केलं, आणि त्यांची कसोटी आजही वापरली जाते: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि ज्याच्यावर होतं त्याचं बळ कमी. बळ म्हणजे केवळ अंगातली ताकद नव्हे. एकीकडे आठ जणांची टोळी आणि दुसरीकडे एकटी मुलगी, की झालं. मुलींमध्ये तर बऱ्याचदा हात उचललाच जात नाही. बाकावर शेजारी कोणी बसत नाही, वाढदिवसाला सगळ्यांना बोलावून एकीला वगळतात. शाळा याला छळ मानायला उशीर करते, पण घाव याचाही खोल असतो.

वर्गात सतत सावध राहावं लागलं की फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही. मार्क घसरतात, मग मार्कांवरून घरी बोलणी. मूल ठरवतं की आपल्यातच काहीतरी खोट आहे. हे शाळेबरोबर संपतही नाही. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांपैकी ७,७७१ जणांची माहिती तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना वारंवार छळलं गेलं होतं, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता जास्त आढळली, जवळची माणसं कमी आढळली. चाळीस वर्षं म्हणजे केवढा काळ!

मूल पहिल्यांदा बोलतं ती दहा मिनिटं जपा. "तू काय केलंस?", "दुर्लक्ष कर", "तूपण एक ठेवून दे" या तिन्हींपैकी काहीही बोललात तर ते पुन्हा बरेच महिने तोंड उघडत नाही. उलटा मार दिला की टोळी वाढते, आणि शिक्षकांना दिसतो तो फक्त आपल्या मुलाने मारलेला फटका. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा. मग कुठे, केव्हा, कोण होतं, कोणी पाहिलं, हे हळू विचारा. आणि त्याला न सांगता शाळेत जाऊ नका.

शाळेत तोंडी बोलून भागत नाही. वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना पत्र द्या, तारखा आणि जागा लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घ्या. मागणी नेमकी असू द्या: सुट्टीत टॉयलेटबाहेर कोण उभं राहणार, बाक कधी बदलणार, व्हॅनमध्ये कोण कुठे बसणार. सीबीएसईने २०१५ मध्येच शाळांना छळविरोधी समिती नेमायला सांगितलं आहे; शाळा त्या बोर्डाची असेल तर समितीत कोण आहे ते विचारा. मुलाला चिडवायचं टोपणनाव शिक्षकांनीच पाडलेलं असेल, आणि तसं बऱ्याचदा असतं, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ पत्रात लिहा. त्यात मानसिक छळालाही बंदी आहे.

एक चूक बऱ्याच शाळा करतात: दोघांना केबिनमध्ये समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव". भांडणात हे चालतं, छळात उलटतं. घाबरलेलं मूल छळणाऱ्यासमोर "काही नाही झालं" म्हणतं, तक्रार खोटी ठरते, आणि गेटबाहेर "चुगलखोर" म्हणून हिशेब चुकता होतो. दोघांशी वेगवेगळं बोलायचं असतं. बघ्यांशीही. फिनलंडच्या शाळांतल्या कीवा या छळविरोधी कार्यक्रमाचा भर त्यांच्यावरच आहे, कारण हसणारे हसायचे थांबले की दादागिरीतली मजा जाते.

व्हॉट्सॲपवर मुलाच्या फोटोचे स्टिकर फिरत असतील तर रागाने ग्रुप सोडण्याआधी नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. फोटो नग्न असेल तर मात्र तो कोणालाही पाठवू नका, शाळेलाही नाही. थेट पोलीस ठाण्यात जा.

छळ थांबल्यावरही पोटदुखी काही आठवडे राहते, त्याने घाबरू नका. झोप उडाली असेल, आवडीचं सगळं सुटलं असेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर यांपैकी जवळच्या रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत न्या. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही नंबर चोवीस तास चालू असतात. मरणाचं बोलत असेल, वहीत तसं काही लिहिलेलं सापडलं, तर ओपीडीची वाट पाहू नका. त्याच रात्री कॅज्युअल्टीत जा आणि तोवर मुलाला एकटं सोडू नका.