एसटीएस मिळाली, कोरम मिळेना

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस, म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, १९७९पासून चालू आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याने गाईडच्या हाताखाली दोन महिन्यांचं छोटं संशोधन करायचं, त्याचं विद्यावेतन मिळतं. मला ती कळली एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला, मेसमध्ये, एका सीनियरकडून. डॉक्टरांच्या मुलांना हे घरीच कळतं. आमच्या घरात माझ्याआधी बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही, मला कोण सांगणार?

गाईड मिळाले, प्रपोजल निवडलं गेलं. मधुमेहाच्या रुग्णांना पायांची काळजी घेण्याबद्दल कितपत माहिती आहे, हे ओपीडीत बसून प्रश्नावलीत भरायचं. ना रक्त काढायचं, ना गोळी द्यायची.

आणि मग एथिक्स कमिटी, म्हणजे रुग्णांवरचं संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणारी समिती.

तिच्या मंजुरीशिवाय एकाही रुग्णाला प्रश्न विचारता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मीटिंग तर व्हायला हवी! कोरमला, म्हणजे बैठक ग्राह्य धरायला, किमान ५ सदस्य लागतात, त्यात कॉलेजबाहेरचे हवेत, अध्यक्षही बाहेरचेच. कधी वकील सदस्यांची कोर्टात तारीख, कधी अध्यक्ष परगावी. क्लार्क मान वर न करता म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात बघ." कपाटावर माझी फाइल, तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. तो दिसला की कळायचं, फाइल जागची हललेली नाही. इकडे अभ्यासाचे दोन महिने सरत चाललेले आणि रिपोर्ट अपलोड करायची तारीख कुणासाठी थांबणार नव्हती.

शेवटी पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य विभागाच्या) एका मॅडमनी सांगितलं, इतक्या कमी जोखमीच्या अभ्यासाला पूर्ण बैठक लागतच नाही. 'एक्सपिडायटेड रिव्ह्यू' मागता येतो, नेमलेले सदस्य कागद तपासून निर्णय देतात. क्लार्कना हे ठाऊक नव्हतं? होतं की. "तू विचारलंस कुठे?" म्हणाले. अजूनही आठवलं की डोकं फिरतं. अर्ज दिला आणि मंजुरीचं पत्र हातात आलं.

तेव्हा कव्हरिंग लेटरच्या पहिल्याच ओळीत एक्सपिडायटेड रिव्ह्यू मागा. आयसीएमआरच्या निकालाची वाट बघत बसू नका, प्रपोजल पाठवलं की लगेच कमिटीकडे फाइल टाका. संमतीपत्र मराठीतही जोडा, नाहीतर फाइल परत. हो, आणि गाईड आधी गाठा, एका गाईडला एकच विद्यार्थी घेता येतो.

विद्यावेतन ५०,००० रुपये आहे, पण रिपोर्ट मंजूर झाल्यावरच मिळतं. तोवर सगळा खर्च आपला. माझं झेरॉक्सवाल्याकडे खातं चालू होतं, पैसे जमा झाले त्या संध्याकाळी आधी ते मिटवलं.