पाऊस पडला आणि टँक तापला

मे महिन्यात धुळ्यात पारा ४२-४३ वर असताना माझा खाऱ्या पाण्यातल्या माशांचा आणि कोरलचा (प्रवाळांचा) टँक २६.५ च्या वर गेला नाही, हे मागच्या नोंदीत मी कॉलर ताठ करूनच लिहिलं होतं. आता पुढचं ऐका. मृगाच्या सरी पडल्या, खोली ३० वर उतरली, देवपुरात लोक अंगणात खुर्च्या टाकून बसायला लागले. शेजारचे काका पंख्यांचा आवाज ऐकून म्हणाले, "पाऊस उना ना भाऊ, आते तरी पंखा बंद कर." आणि टँकच्या तापमान-कंट्रोलरवर आकडा २९.४.

पाण्यावर वारा घालणारे चारही पंखे फुल्ल स्पीडला. मशरूम कोरल आक्रसून सुपारीएवढे झालेले, झोआंनी (हेही मऊ कोरलच) तोंडं मिटलेली. क्लाऊन माशांची जोडी पाणी परत सोडणाऱ्या रिटर्न पाईपच्या तोंडाशी, कल्ले भराभर हलतायत. ते साहजिकच होतं. खाऱ्या पाण्यात २५ अंशाला ऑक्सिजन लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० ला सव्वासहा. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये २५ ला सव्वाआठ मिळतो, त्यामुळे गोल्डफिशवाल्यांची सवय इथे कामाला येत नाही. त्यात रात्री लाईट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप आधी शोधायचा आणि मेणबत्ती नंतर.

नेहमीचे संशयित आधी घेतले. तापमानाचा प्रोब चुकीचा दाखवतोय का म्हणून काचेचा थर्मामीटर सोडला, तोही तेच म्हणाला. हीटरचा थर्मोस्टॅट चिकटला असेल म्हणून हीटर सरळ बाहेर काढून ठेवला. (खान्देशात हीटर लागतोच कशाला, असं विचारणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे पांझरेच्या काठावर एक चक्कर मारून यावी.) एका पंख्याच्या पात्यांवर मिठाचा पांढरा थर बसून तो मंदावला होता. व्हिनेगरने धुतला, पळायला लागला. फरक ०.१.

खरी गोष्ट सांगितली ती आरओच्या ड्रमने. मे महिन्यात ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची आपोआप भरपाई करणारा पंप) रोज सहा-सात लिटर ओढायचा, सकाळ-संध्याकाळ ड्रम भरून आईची बोलणी खायला लागायची. आता ड्रमची पातळी हलतच नव्हती. दिवसाला जेमतेम दोन लिटर. म्हणजे पंखे वारा घालत होते, पण पाणी उडत नव्हतं.

पंखा टँकला थंड करत नाही, उडणारं पाणी करतं, हे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. एक लिटर पाणी उडताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. माझ्याकडे संप (टँकखालची फिल्टरची टाकी) धरून २०० लिटर पाणी आहे, त्याच्यासाठी हे जवळपास तीन अंश झाले. सात लिटरचे दोन लिटर झाले म्हणजे काय झालं, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडचा माठ वैशाखात दात शिवशिवतील असं पाणी देतो आणि श्रावणात नुसता ओला राहतो, तोच हा प्रकार.

पण पंखे टँकला कुठवर नेऊ शकतात याचा नक्की आकडा मला हवा होता. तो काढायला एक पैसा लागला नाही. जुन्या बनियनची पट्टी फाडली, आरओच्या पाण्यात भिजवली, थर्मामीटरच्या टोकाला गुंडाळून दोऱ्याने बांधली आणि पंख्यापुढे धरली. आकडा हळूहळू उतरतो आणि एका जागी थांबतो. शाळेत भूगोलाला शिकलेलं ओल्या फुग्याचं तापमान ते हेच. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ते २२ च्या आसपास येतं. हवा ३० आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २७. त्या संध्याकाळी माझी पट्टी २६.८ वर अडली. या आकड्याच्या खाली कितीही पंखे लावा, टँक जाणार नाही. वरून पंपाची, लाईटची उष्णता वेगळी.

म्हणून मुंबई-चेन्नईवाल्यांचे सेटअप बघून इथे खरेदी करणाऱ्या नव्या मंडळींना माझं सांगणं आहे: त्यांच्याकडे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) पहिल्या दिवसापासून लागतो कारण त्यांची हवा बारमाही दमट. आपल्याकडे मार्च ते मे पंखे चिलरपेक्षा स्वस्तात आणि मस्त काम करतात. आपला अवघड काळ जून अखेर ते सप्टेंबर. उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीत टँक असेल तर कूलर खिडकीत बसवलेला हवा आणि समोरचा झरोका उघडा हवा. दारं-खिडक्या लावून कूलर आत फिरवला की आपण मे महिन्यातच घरात आषाढ आणतो.

चिलरचं म्हणाल तर ऑर्डर द्यायच्या बेतात होतो. विक्रेत्याने वन-टेन्थ एचपीचा सांगितला, खोली केवढी आहे हे एका शब्दाने विचारलं नाही. चिलर पाण्यातली उष्णता काढतो ती त्याच खोलीत टाकतो, वर स्वतःच्या मोटरची भर. दहा बाय बाराच्या खोलीत, टँकखालच्या कॅबिनेटच्या आत ठेवून, पंचविसेक हजार घालून मला हा खेळ नको होता. आधी उष्णता आत येते कुठून ते बघू म्हटलं.

वॉटमीटर लावला. पाणी संपमधून टँकमध्ये परत चढवणारा रिटर्न पंप ५० वॉट, आणि तो संपमध्ये बुडालेला, म्हणजे ती सगळी उष्णता पाण्यातच. दिवसभराचा हिशोब मांडला तर २०० लिटरला पाच अंश वर न्यायला पुरेल एवढी, उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरून. ती उडवायला पावणेदोन लिटर पाणी जायला हवं, आणि माझं एकूण जातंय दोन. सगळं बाष्पीभवन एका पंपाची सेवा करण्यात संपत होतं! मेमध्ये सात लिटरच्या जोरावर हे कळलंच नसतं.

डीसी पंप लावला, त्याच प्रवाहाला १८ वॉट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २८.६. या हॉबीत पैसे खर्चून एवढं समाधान मला फार कमी वेळा मिळालंय. आवाजही गेला. एसी पंप स्वस्त पडतो म्हणून घेणाऱ्यांनी वीजबिल आणि पावसाळा दोन्ही त्यात धरावेत.

मग कॅबिनेट. दार उघडून हात आत घातला तर वरच्या प्लायला थेंब लोंबत होते, बिजागऱ्यांवर मिठाची पांढरी दाढी आणि खाली गंज. आतली हवा आधीच भिजलेली, आणि दोन पंखे तीच हवा संपवर पुन्हा पुन्हा फिरवत होते. दार काढून ठेवलं, २८.२. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला पाईपांचं जंजाळ दिसतं, पण दिसू दे.

टॉप-ऑफचा विषय निघालाच आहे तर शिरपूरहून आलेल्या एका प्रश्नाचं (कमी झालेलं पाणी खाऱ्याने भरायचं की गोड्याने?) उत्तर इथेच देतो. उडतं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. त्यामुळे कमी झालेली पातळी खाऱ्या पाण्याने भरायची नाही, गोड्या आरओने भरायची. २०० लिटरमध्ये रोज सात लिटर खारं पाणी घातलं तर आठवड्यात ३५ ची सलिनिटी (खारेपणा) ४३ च्या पुढे जाते. काहीच घातलं नाही तरी दोन दिवसांत साडेसदतीस. आणि आरओ म्हणजे स्वयंपाकघरातला नाही. त्याला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो, वर मिनरल कार्ट्रिज. माझ्या बोअरचा टीडीएस ९०० च्या वर आहे. ते पाणी रोज टँकमध्ये गेलं तर तपकिरी शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या जाणार नाही. आरओच्या मेंब्रेननंतर डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारं) लावा, टीडीएस मीटरवर शून्य आलं की मगच पाणी ड्रममध्ये. रिजेक्ट पाणी ओटा धुवायला.

खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर फक्त आरओच्या थेंबावर शून्य करून विश्वास ठेवू नका. ३५ ला तपासा. कॅलिब्रेशन फ्लुइड मिळत नसेल तर ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा, ते ३५ दाखवायला हवं. स्वयंपाकघरातल्या मिठाचा या हॉबीत एवढाच उपयोग. आणि सी-सॉल्ट घेताना सुटं, पिशवीत भरून किलोवर विकलेलं घेऊ नका. मला तसं एकदा मिळालं, पावसाळी हवेत त्याची वीट झाली होती आणि भिजवलं तर तळाला न विरघळणारा पांढरा गाळ. सीलबंद बादली आणा, उघडली की झाकण घट्ट.

टणक कोरल ठेवता येतील का, अशी परत विचारणा झाली. स्क्लेरॅक्टिनियन (टणक सांगाड्याच्या) गटातले सगळे कोरल, सी-फॅन आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 'ओळखीतून' मिळणाऱ्या समुद्रातून काढलेल्या खडकातही बहुतेक वेळा कोरलचा सांगाडाच असतो. कृत्रिम कोरडा खडक घ्या, सायकल (टँकमध्ये उपयोगी जिवाणू रुजणं) व्हायला चार-सहा आठवडे जास्त गेले तर जाऊ द्या. क्लाऊन तर हॅचरीतले मिळतात, सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्यांची पैदास भारतात कधीच जमवली आहे. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा ते पहिल्या दिवसापासून पेलेट खातात, हा फायदा वेगळाच.

हे लिहिता लिहिता एक डोक्यात आलं. दार काढण्याऐवजी कॅबिनेटच्या मागून चार इंची पीव्हीसी पाईप काढून झरोक्याला नेला आणि त्यात एक एक्झॉस्ट पंखा बसवला तर? दमट हवा थेट बाहेर, खोलीतली हवा समोरून आत, आणि दारही परत लावता येईल. झरोका टँकपासून पाच फुटांवर, मधे एक बेंड. खोलीतली दमट हवाही त्याबरोबर खेचली जाईल, म्हणजे वरच्या मुख्य टँकवरच्या दोन पंख्यांनाही मदत. आग्रा रोडवरून १२ व्होल्टचा मोठा पंखा आणलाय. पाईपला वरच्या टोकाला उतार बाहेरच्या बाजूला द्यावा लागेल, नाहीतर आत साचलेलं पाणी उलटं संपमध्ये येईल, आणि ते पाणी नुसतं वाफेचं नाही, पाईपमधली धूळ-कोळिष्टकंही घेऊन येईल. जाळी लावायची, पाल आत जाऊ नये म्हणून.

तात्पुरतं ते पुठ्ठ्याने आणि टेपने जोडून चालवून बघितलं. आत्ता बाहेर रिमझिम, बनियनची पट्टी २६.६ दाखवतेय, टँक २७.७. झोआ उघडल्यात, मोठा मशरूम अजून रुसलेला आहे.

म्हणजे चिलर रद्द. ते पैसे ड्रमच्या जागी मोठी टाकी आणि पंप आणि स्कीमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) एवढ्यापुरता छोटा इन्व्हर्टर यांच्याकडे वळवतोय. रॉयल ग्रामा मासा मुंबईहून ट्रॅव्हल्सने या आठवड्यात येणार होता, तो पुढे ढकलला. रात्रभर डिकीतल्या थर्माकोलच्या पेटीत बसून आलेल्या माशाला तापलेल्या टँकमध्ये सोडायचं मला धाडस नाही. पट्टीचा आकडा सलग पंधरवडाभर २६ च्या खाली राहिला की मागवतो. कुणी चार इंची पाईपवर एक्झॉस्ट बसवला असेल तर बेंड ४५ चा घेतला की ९० चा, तेवढं कळवा. रविवारी पाईप कापायला बसणार आहे.