वीतभर चित्रं

नागपुरातल्या महाल भागात फ्रेमचं दुकान म्हणजे देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, सत्काराची मानपत्रं. त्यामुळे त्या ताईंनी कापडी पिशवीतून वीत-वीतभर तैलचित्रं काढून काउंटरवर मांडली, तेव्हा मी हातातलं काम बाजूला सारलं.

एका चित्रात हातमागाचा धोटा आणि त्यातून सुटलेला लाल धागा. डोळा जवळ नेला तर धागा कुठेच नाही, नुसता पातळ लाल रंग ओघळू दिलेला. ताई म्हणाल्या, "ही युक्ती व्हर्मीरची, भाऊ. त्याची लेस विणणारी बाई पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, जेमतेम २४ बाय २१ सेंटिमीटर. धोटा मात्र आपल्या गोळीबार चौकाकडच्या कोष्ट्यांचा." सतराव्या शतकातला डच चित्रकार आणि आमचे विणकर एवढ्याशा कॅनव्हासवर शेजारी बसले होते, आणि कुठे ओढाताण नव्हती!

दुसऱ्यात अजबबंगल्यातल्या, म्हणजे आमच्या जुन्या संग्रहालयातल्या, पेंढा भरलेल्या पक्ष्याचा डोळा, तेवढाच. तिसऱ्यात नुसता पिवळा: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवत निघणाऱ्या पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याचा. मिरवणूक नाही, गर्दी नाही, फक्त तो रंग. मी लहानपणापासून मारबत पाहतोय, पण तिचा पिवळा असा कधी पाहिला नव्हता.

ताईंना काच हवी होती, नागपूरची धूळ म्हणून. मी स्पष्ट नाही म्हटलं. तैलरंग पाणी उडून सुकत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. (आपण ज्याची चटणी करतो तेच जवस.) वरून कोरडं दिसलं तरी आत काम चालूच असतं. काच टेकली तर रंग चिकटायची भीती, आणि चमकेत ब्रशचे फटकारे दिसेनासे होतात ते वेगळंच. सोनेरी नक्षीची रुंद पट्टीही मी नाकारली. एवढं चित्र तिच्याखाली दबून जातं. सागवानाची बारीक पट्टी, चित्राभोवती दोन सूत मोकळी फट, म्हणजे कॅनव्हासची कडसुद्धा दिसते. एक कोपरा जोडून दाखवला, तेव्हा त्यांना पटलं.

मारबतीचा पिवळा मात्र बोटाला लागला. अंबरसारखे मातकट रंग लवकर सुकतात, कॅडमियम पिवळा वेळ घेतो. वार्निशला तर निदान सहा महिने थांबा, म्हटलं. प्रदर्शन तोंडावर होतं, तरी ताईंनी घाई केली नाही. ते चित्र फ्रेमशिवायच लावायचं, समोर टेबल ठेवायचं म्हणजे कुणाचा हात लागणार नाही, असं ठरलं. बाकीच्यांच्या पट्ट्या मी त्याच दुपारी कापायला घेतल्या.